दुखवट्याच्या घरून निघताना

नोकरी लागली तेव्हा मी मनाशी एकच ठरवलं होतं, की आपला कोणाला म्हणून त्रास होऊ द्यायचा नाही. सिडनीत टूनगॅबीला आमच्या भाड्याच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर म्हाताऱ्या माणसांचं एक नर्सिंग होम आहे. तिथल्या स्वयंपाकघरात मला घेतलं होतं. भाज्या चिरायच्या, ट्रे लावायचे, ज्यांना चावता-गिळता येत नाही त्यांचं जेवण मिक्सरमधून मऊ करायचं आणि शेवटी ओटे पुसून घ्यायचे. माझं शिक्षण नववी अर्धवट. नवरा डिझेल मेकॅनिक, त्याच्या व्हिसावर मी आले. आमच्या ओळखीच्या मराठी बायकांपैकी कोणी आयटीत, कोणी बँकेत. गणपतीला सगळ्या जमल्या, की ‘तू काय करतेस?’ हा प्रश्न माझ्यापर्यंत यायच्या आत मी उठून पत्रावळी मांडायला जायचे. त्यामुळे या नोकरीचं मला किती अप्रूप होतं ते कसं सांगू. पहिल्या दिवशी मिळालेला एप्रन मी घरी आणून इस्त्री केला होता.

कामाची माझी पद्धत ठरलेली होती. वेळेआधी पोचायचं, खाली मान घालून काम करायचं, कोणी बोललं तर हसायचं आणि शिफ्ट संपली की मागच्या दाराने हळूच निघायचं. सगळे आपापल्या कामात असतात, त्यांना ‘मी निघाले’ सांगून कशाला अडवायचं? हीच चांगली वागणूक असं मी धरून चालले होते. वडील गेले तेव्हा मी शाळा सोडून त्यांच्याच शिलाई मशीनवर बसले, फॉल-पिको करायला. आई सांगायची, गिऱ्हाइकाशी फार बोलू नकोस, टाका सरळ आला पाहिजे, टाका सरळ असला की बाई आपोआप परत येते. खरंच यायच्या बायका. तेच मी इथे घेऊन आले होते. गाजराचे तुकडे सगळे सारखे आले की माणसं आपल्याला चांगलं म्हणतील, असं मला वाटायचं.

माझ्याबरोबर सकाळच्या शिफ्टला एक ऑस्ट्रेलियन बाई होती. साठीच्या आसपासची, उंच, केस मुलग्यासारखे बारीक कापलेले आणि दंडावर फिकट झालेला एक पोपट गोंदलेला. तिथे ती इतकी वर्षं होती, की कुठला ओव्हन कधी रुसतो हे तिला हात लावून कळायचं. महिना झाला असेल मला लागून. एक दिवस मी नेहमीसारखी मागच्या दाराने निघाले तर ही दारात आडवी.

“तू आमच्यावर रागावली आहेस का?” तिने विचारलं. ती बोलायची अर्थात इंग्रजीत, मी इथे माझ्या भाषेत लिहितेय.

वाटलं, गेली नोकरी. मी आपली सॉरी, सॉरी म्हणत सुटले.

“सॉरी नको म्हणूस,” ती म्हणाली, “बाय म्हण.”

मग तिने मला तिथेच, कचऱ्याच्या डब्यांपाशी उभं करून समजावलं. म्हणाली, सगळ्यांना वाटतंय तुला इथे कोणीच आवडत नाही. सकाळी येतेस, बोलत नाहीस, दुपारी बघावं तर गायब. सुपरवायझरनेही तिला विचारलं होतं म्हणे, की हिला राहायचंय ना इथे? मी म्हटलं, पण माझं काम तर चांगलं आहे ना? ती म्हणाली, काम चांगलंच आहे, काम तर भांडी धुण्याचं मशीनही चांगलं करतं. आल्यावर प्रत्येकाला तोंड दाखवायचं आणि जाताना प्रत्येकाला सांगून जायचं, बाकी सगळं त्याच्या नंतर.

घरी येऊन मी मुलीला सांगितलं. ती तेव्हा पाचवीत होती. तिने मला सोफ्यावर बसवून शाळाच घेतली. ‘हाउ यू गोइंग’ म्हटलं की ‘गुड थँक्स, यू?’ म्हणायचं आणि थांबायचं नाही, चालत राहायचं. कारण त्याच आठवड्यात एका नर्सने मला हाउ यू गोइंग विचारलं होतं आणि मी तिला थांबवून माझ्या गुडघ्याचं सगळं सांगितलं होतं. मुलगी कपाळावर हात मारून म्हणाली, “आई, दे डोन्ट ॲक्च्युअली वॉन्ट टू नो.”

दुसऱ्या दिवसापासून शिफ्ट संपली की मी एकेकापाशी जाऊन ‘सी या टुमॉरो’ म्हणायला लागले. ती बाई ओव्हनपाशी उभी राहून नुसती बघत असायची. एखादा सुटला तर भुवईने खूण करायची, तो राहिला. मी परत मागे वळायचे. आठवड्याभरात काय झालं, तर भांडी धुणारी बाई मला आपणहून मुलीबद्दल विचारायला लागली आणि सुपरवायझरने, रोस्टरवर माझं नाव कसं म्हणायचं, हे नीट विचारून घेतलं. एवढीशी गोष्ट. पण माझ्यासाठी या देशाचं एक दार कोणीतरी आतून उघडलं होतं.

तिला नावाने हाक मारणं मात्र मला जमलं नाही. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने कशी हाक मारायची? मावशी म्हणावं तर तिला काय कळणार? म्हणून मला तिच्याशी बोलायचं असलं, की मी हातातलं टाकून वळसा घालून तिच्यासमोर जाऊन उभी राहायचे. तिला वाटायचं ही माझी भारतातली काही पद्धत असेल. ती मला ‘लव्ह’ म्हणायची. सगळ्यांना म्हणायची तसंच, पण मला ते वेगळं ऐकू यायचं.

मॉर्निंग टीच्या सुट्टीत आम्ही दोघी मागच्या अंगणातल्या बाकावर बसायचो. मी डब्यातलं थालीपीठ अर्धं तिला द्यायचे. ती पाव खायची आणि थालीपीठ रुमालात बांधून घरी न्यायची, नवऱ्यासाठी. नवरा तिचा बसचा ड्रायव्हर होता, आता छातीच्या दुखण्याने घरीच. नाकाला ऑक्सिजनची नळी, पण तोंड बंद नाही. तो त्या थालीपिठाला लोणी आणि इथलं ते काळं खारट चोपडण लावून खायचा. मला ऐकूनच कसंतरी व्हायचं. निरोप धाडायचा, त्या बाईला सांग, डॉक्टरांचं काही खरं नाही, मी तिच्या त्या गोल पापडावर जगतोय. कधीकधी बरा असला तर गाडी घेऊन तिला न्यायला यायचा आणि काच खाली करून मला ओरडून ‘हूरू’ म्हणायचा. मी घाबरून तिच्याकडे बघितलं पहिल्यांदा. ती म्हणाली, बाय म्हणतोय, जुन्या लोकांचा शब्द आहे. “कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेला तरी म्हणतो. जसा काही लढाईवर चाललाय.”

पुढे मला स्वयंपाकघरात कायम व्हायचं तर अन्नसुरक्षेची एक परीक्षा द्यावी लागणार होती. परीक्षा म्हटल्यावर मी तीन रात्री झोपले नाही. सुपरवायझरला सांगणार होते, की राहू दे, मी आहे तशीच बरी. तिला ते कळलं. तिने त्या बाकावरच माझी तयारी करून घेतली. ती कोंबडी, मी थर्मामीटर, असं काहीतरी करून. मी पास झाले त्या दिवशी तिने बेकरीतून केक आणला आणि सगळ्यांना बोलावून मला कापायला लावला. मी कधी काही पास झाले म्हणून कोणी काही कापलं नव्हतं. सुरी हातात धरून मी रडायलाच लागले. ती म्हणाली, रड पण केकवर नको.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय, की माझ्या मनात तिची काय जागा होती ते कळावं. या देशात माझी म्हणावी अशी एकच मैत्रीण होती आणि ती ही. तिने माझ्यासाठी जे केलं ते फेडायची मला फार घाई होती. पण तिला माझ्याकडून काय लागणार? तिला सगळंच येत होतं.

थंडीच्या दिवसांत तिचा नवरा गेला.

सुपरवायझरने सकाळी सगळ्यांना उभं करून सांगितलं. दुपारपर्यंत एक कार्ड फिरायला लागलं, फिकट जांभळ्या फुलांचं. ज्याच्या हातात येईल त्याने दोन ओळी लिहायच्या. माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी ते घेऊन नुसतीच उभी राहिले. फुलांच्या चित्रावर मरणाचं काय लिहितात ते मला कळेना. इतरांनी लिहिलेलं वाचलं, सगळ्यांचं साधारण सारखंच होतं. शेवटी मी खाली फक्त माझं नाव लिहिलं. मनात म्हटलं, कार्ड जे जाणार नाहीत त्यांच्यासाठी. मी तर जाणारच आहे.

या एका गोष्टीत मला कोणाला काही विचारायची गरज नव्हती. वडील गेले तेव्हा मी चौदा वर्षांची होते, सगळं जवळून बघितलेलं. तेरा दिवस माणसं भेटायला येत होती. कोणी आधी कळवलं नाही. यायची, टेकायची, आईचा हात हातात घ्यायची. कोणी उगीच काही बोलत नव्हतं. चहापाण्याला कोणी थांबलं नाही. शेजारणी पिठलं-भात आणून ओट्यावर ठेवायच्या. आणि जाताना कोणीही ‘येते’ म्हणालं नाही. एरवी आमच्याकडे ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’च म्हणतात. पण दुखवट्याच्या घरात तसं म्हणायचं नसतं, परत अशा कारणासाठी या घरात यायला लागू नये म्हणून. घरच्यांनीही दारापर्यंत पोचवायला जायचं नसतं. बघावं तर माणूस बसलेलं असायचं, थोड्या वेळाने बघावं तर जागा रिकामी. कोणाला निरोप द्यायला लागत नाही, याचं मला त्या वयात फार बरं वाटलं होतं. रडायचं थांबवून कोणाशी नीट बोलायला लागत नव्हतं.

नवरा म्हणाला, फोन करून जा, इथे कोणाकडे असं थडकत नाहीत. मी म्हटलं, माणूस गेलेल्या घरी काय अपॉइंटमेंट घेऊन जायचं? त्यालाही आतून पटलंच होतं.

हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानातून आणलेलं बेसन डब्यात उरलं होतं तेवढं सगळं घालून मी पिठलं केलं, मिरची कमी टाकून. सोबत भात. ट्रेनने एक स्टेशन गेले, तिथून चालत. तिने दार उघडलं तेव्हा ती गाऊनमध्येच होती. मला बघून “ओह, लव्ह” म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. इतकी उंच बाई, तिला वाकायला लागलं.

आत त्याची खुर्ची तशीच होती. ऑक्सिजनच्या मशीनची नळी कोणीतरी नीट गुंडाळून ठेवलेली. आम्ही सोफ्यावर बसलो. मी तिचा हात हातात घेतला आणि काही बोलले नाही. मग ती आपणहून सांगायला लागली. हॉस्पिटलमध्ये त्या दिवशी सकाळी तो बरा होता, नर्सची थट्टा करत होता. त्यानेच हिला पाठवलं, म्हणे गाडी हलव नाहीतर पार्किंगवाले चिठ्ठी लावतील. ही गाडी हलवून आली तर त्याच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला.

“बाथरूमला जाताना हूरू म्हणणारा माणूस,” ती म्हणाली. “आणि या वेळी काही नाही.”

मला शब्दन्‌शब्द कळला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळाने तिने गाऊनच्या बाहीने तोंड पुसलं, उठली आणि म्हणाली, “मी चहा करते. दूध घालून ना तुझा?” मी मान हलवली, ती नकाराची होती की होकाराची ते माझं मलाही सांगता येणार नाही. ती आत गेली. केटलमध्ये पाणी भरल्याचा आवाज आला.

त्या घरात चहा घ्यायचा नसतो. आणि आता ती चहा घेऊन आली, की मला नको म्हणायला लागणार, मग निघते म्हणायला लागणार, मग ती दारापर्यंत येणार. हे सगळं मला तिच्यावर येऊ द्यायचं नव्हतं. डबा टेबलावर ठेवला. तिच्या नवऱ्याच्या खुर्चीला हात जोडले. आत केटलचा आवाज चढत होता. मी बूट घातले आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.

स्टेशनकडे चालताना मला कसं वाटत होतं हे मी लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिते. मला हलकं वाटत होतं. या देशात आल्यापासून पहिल्यांदाच मी मुलीला न विचारता, कोणाकडे चोरून न बघता, एक गोष्ट पूर्ण बरोबर केली होती. वाटलं, थोडं तरी फेडलं.

दोन-तीन आठवड्यांनी ती कामावर आली. सगळ्यांनी मिठ्या मारल्या. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले तर तिने माझा दंड थोपटला आणि एक पिशवी दिली. त्यात माझा डबा होता, घासून स्वच्छ केलेला. म्हणाली, थँक्स फॉर दॅट. आणि ओव्हनकडे वळली.

मला वाटलं, दुःखात आहे. दुःखातल्या माणसाला आपण टोकत नाही. मॉर्निंग टीला ती बाकावर आली नाही, आत टी-रूममध्ये बसली, सगळ्यांबरोबर. मी थालीपीठ घेऊन बाहेर बसले आणि परत आत नेलं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. ती माझ्याशी वाईट वागली का? अजिबात नाही. मॉर्निंग म्हणायची, बाय म्हणायची, चाकू मागितला तर मुठीकडून द्यायची. फक्त ‘लव्ह’ म्हणायची थांबली होती. मला नावाने हाक मारायची. तरी मी विचारलं नाही. रोज ठरवायचे आणि रोज वाटायचं, तिचं एवढं मोठं काही गेलंय, त्यात आपण ‘माझ्याशी का बोलत नाहीस’ घेऊन कुठे जायचं? असे दोन महिने गेले असतील.

शेवटी सांगितलं ते भांडी धुणाऱ्या बाईने. ती फिजीची, मूळ भारतीय घरातली, माझ्याशी हिंदीत बोलायची. एक दिवस ट्रे पुसता पुसता म्हणाली, “दीदी, तुम उस दिन उसके घर से भाग क्यों आयी?”

मी म्हटलं, भागून कुठे आले? मग टी-रूममध्ये तिने ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. माझी मैत्रीण चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली तर मी नाही. तिला वाटलं बाथरूममध्ये गेले असेन. तिने चहावर बशी झाकून ठेवली आणि वाट बघत बसली. मग जाऊन बाथरूमचं दार वाजवलं. मागच्या अंगणात बघितलं. मग तशीच गाऊनवर, फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत आली.

“फिर वापस आके अकेली बैठी,” फिजीची बाई म्हणाली. “उसको बहुत लगा, दीदी.”

दार वाजवलं, हेच माझ्या कानात बसलं. आतून कोणी ओ देईल म्हणून तिने ते वाजवलं असेल. त्याच आठवड्यात पडद्याआड एक माणूस तिला न सांगता गेला होता, आणि ते तिने मला सांगून पुरतं व्हायच्या आत मीही तिच्या घरातून तशीच उठून गेले होते. तिने मला जे पहिलं शिकवलं होतं ते हेच की सांगून जायचं. माझ्या मनात एकदाही आलं नाही, की ते तिच्या घरालाही लागू आहे.

ती त्या आठवड्यात रजेवर होती. मी घरी मुलीला बसवून इंग्रजी वाक्यं तयार केली. मुलीने आधी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बट आई, दॅट्स सो सॅड फॉर हर.” नवरा पलीकडून म्हणाला, मी सांगितलं होतं फोन कर. मग माझ्याकडे बघून उठला आणि माझ्यासाठी चहा टाकायला गेला.

ती रजेवरून आली ती नोटीस घेऊनच. क्वीन्सलँडला तिची बहीण समुद्राजवळ राहते, तिच्याकडे कायमची जाणार होती. घराचं सगळं ठरूनही गेलं होतं. शेवटच्या दिवसापर्यंत तिच्याभोवती सतत माणसं होती, किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं. शेवटच्या दिवशी तिच्यासाठी मोठा मॉर्निंग टी झाला, भाषणं झाली, तिने सगळ्यांना हसवलं. मग सगळे कामाला गेले आणि ती टी-रूमच्या सिंकपाशी बशा विसळत उभी राहिली. स्वतःच्या निरोपाच्या बशा. मी आत गेले आणि वळसा घालून तिच्यासमोर उभी राहिले. पाठ केलेलं सगळं पळून गेलं.

“आमच्याकडे,” मी म्हटलं, “माणूस गेलेल्या घरातून निघताना बोलत नाहीत. परत येते म्हटलं, तर परत तसंच कारण येईल. चहा पण घेत नाहीत. घरच्या माणसाला उठायला लागू नये. म्हणून मी गेले. तुझ्यासाठी गेले.”

तिने नळ बंद केला.

“म्हणजे ते मॅनर्स होते?”

“हो. खूप चांगले मॅनर्स.”

ती हसली. तिचं ते मोठं हसू मी किती दिवसांनी ऐकलं. पण ते मध्येच तुटलं आणि तिने ओला हात तोंडावर धरला.

“मी रस्त्यापर्यंत आले होते, लव्ह,” ती म्हणाली. “मला वाटलं, माझं रडणं तुला झेपलं नाही. त्या दिवसांत सगळेच असे मागे मागे सरकत होते. बोलायचे गोड, पण पाय दाराकडे. मला वाटलं होतं, तू एक सरकणार नाहीस.”

“मग विचारलं का नाहीस मला?”

“तू का नाही विचारलंस?”

मी म्हटलं, दुःखातल्या माणसाला आम्ही काही विचारत नाही. ती मान हलवत राहिली. म्हणाली, आमच्याकडे कोणी विचारत नसेल तर त्याला आपलं काही पडलेलं नाही असं धरतात.

आम्ही दोघी एवढा वेळ, एका ओट्याच्या दोन बाजूंना, आपापल्या घरच्या शिकवणीप्रमाणे नीट वागत होतो.

“आता कळलं मला,” ती म्हणाली. “खरंच कळलं. राग नाही.” मग बशीकडे बघत म्हणाली, “पण ती दुपार आहे तशीच आहे बघ. कळलं म्हणून ती काही बदलत नाही.”

मी तिला राहा म्हणाले नाही. म्हणण्यासारखं काही नव्हतंच, सामान भरून झालं होतं. तिने मला घट्ट जवळ घेतलं, तिच्या एप्रनला साबणाचा वास होता. म्हणाली, कधी तिकडे आलीस तर ये घरी. मी हो म्हटलं. आम्हाला दोघींनाही माहीत होतं की विमान करून समुद्रकिनारी जाणारी माणसं आम्ही नाही.

तिला जाऊन आता वर्ष होऊन गेलं. सुरुवातीला मी दोनदा फोन केला. तेव्हा मला एक नवीनच गोष्ट कळली. आमची मैत्री सगळी हातांनी चाललेली होती. ती चिरायची, मी ट्रे लावायचे, मधे भुवई, कोपर, हसणं. इंग्रजी त्यात चिमूटभर. फोनवर नुसतं इंग्रजी उरलं आणि ते माझ्याकडे पुरेसं नव्हतं. ती बोलली की मी ‘येस, येस’ म्हणायचे. मग ती म्हणायची, तुझं काम असेल. मी म्हणायचे, तुझं पण असेल.

आता ती फोटो पाठवते. समुद्राचा, बहिणीच्या कुत्र्याचा. मागच्या आठवड्यात तिने अंगणात लावलेल्या टोमॅटोचा पाठवला, एकच लाल झालेला होता. मला तिला विचारायचं होतं, रात्री झोप लागते का तुला आता? घरात एकटी असलीस की त्याचा आवाज येतो का? मी मुलीला म्हटलं, हे इंग्रजीत लिहून दे. ती आता हायस्कूलला आहे. तिने फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “आई, शी सेंट अ टोमॅटो. जस्ट से लव्हली.”

मी ‘लव्हली’ लिहिलं. थोड्या वेळाने तिच्याकडून अंगठा आला.